घाटातले सेकंद : ते मोजावेत कसे?

चैत्र लागला की पुणे जिल्ह्यातील खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या तालुक्यांत गावोगावच्या यात्रा सुरू होतात, आणि यात्रा म्हटली की या भागात बैलगाड्यांची शर्यत आलीच. खेड तालुक्यातील निघोजे हे इंद्रायणीकाठच्या पट्ट्यातील गाव आज चाकणच्या औद्योगिक क्षेत्रात मोडते. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे मोटारींचे कारखाने याच परिसरात आहेत. पण कारखाने आले म्हणून गाड्यांचा नाद गेला नाही. आठवडाभर पाळ्या करणारा कामगारही यात्रेच्या दिवशी घाटावर हजर असतो. अशा माणसाला या भागात ‘गाडाशौकीन’ म्हणतात. कोणत्या मालकाच्या गाड्याला कोणत्या घाटात किती सेकंद लागले, हे त्याला तोंडपाठ असते.

आता समजा, ध्वनिक्षेपकावरून निवेदक पुकारतो, “पहिला गाडा अकरा पूर्णांक चौऱ्याऐंशी, दुसरा अकरा पूर्णांक सत्त्याऐंशी!” पहिल्याच्या बाजूने भंडारा उधळला जातो, दुसऱ्याच्या बाजूने कुरकुर सुरू होते. फरक आहे सेकंदाच्या अवघ्या तीन शतांशांचा. हा फरक खरोखर बैलांच्या पायांतला आहे, की घड्याळ धरणाऱ्याच्या अंगठ्यातला? हा प्रश्न भौतिकीचा आहे, आणि शाळेत शिकलेल्या गणिताने त्याचे उत्तर काढता येते.

घाट म्हणजे काय?

या भागात शर्यतीच्या धावपट्टीला ‘घाट’ म्हणतात, कारण ती सपाट नसून चढाची असते. हलक्या लाकडी गाड्याला चार बैल जुंपतात. पुढच्या जोडीला जुकाट व गाड्यालगतच्या जोडीला धुरी असे म्हणतात. त्यांच्याही पुढे एक स्वार घोडी पळवतो. एका गाड्याच्या एका धावेला ‘बारी’ म्हणतात. निशाण पडले की बैल सुटतात आणि अकरा-बारा-तेरा सेकंदांत बारी संपते.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी, की घाटात एका वेळी एकच गाडा धावतो. सातारा-सांगलीकडच्या सपाट मैदानांवर अनेक गाड्या शेजारी-शेजारी सुटतात. तिथे कोण पुढे आहे ते डोळ्यांना दिसते. घाटात मात्र सकाळी आठ वाजता धावलेल्या गाड्याची तुलना दुपारी तीन वाजता धावलेल्या गाड्याशी करायची असते. ही तुलना करणारा एकच साक्षीदार म्हणजे घड्याळ. तो साक्षीदार किती भरवशाचा, यावर सगळा निकाल अवलंबून असतो.

आणि निकालाची किंमत थोडी नसते. पुष्कळ घाटांत ठराविक सेकंदांच्या आत आलेले सर्व गाडे एका नंबरात धरतात व नंबराचे बक्षीस त्यांच्यात वाटून देतात. सर्वांत कमी वेळ घेणारा गाडा ‘घाटाचा राजा’ ठरतो. मे २०२२ मध्ये निघोज्यापासून जवळच, इंद्रायणीच्या पलीकडे चिखली येथे झालेल्या शर्यतीत तर पहिले बक्षीस म्हणून जेसीबी यंत्र ठेवले होते.

सोळाशे किलोमीटर आणि एक सेकंद

घाटाच्या अगदी उलट टोकाचे एक उदाहरण पाहू. उत्तर अमेरिकेतील अलास्का येथे १९७३ सालापासून ‘इडिटारॉड’ नावाची शर्यत होते. डझन-दीड डझन कुत्रे जुंपलेली स्लेज, म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी गाडी, घेऊन स्पर्धक अँकरेज परिसरातून निघतात आणि सुमारे १६०० किलोमीटर बर्फाळ प्रदेश ओलांडून नोम या गावी पोचतात. तिकडचे शौकीन आता घरबसल्या ही शर्यत पाहतात. प्रत्येक स्लेजवर उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान कळवणारे यंत्र असते, आणि नकाशावर सरकणारे ठिपके पाहत लोक रात्र-रात्र जागतात.

१९७८ सालच्या शर्यतीत डिक मॅकी आणि रिक स्वेन्सन हे दोघे नोमच्या रस्त्यात जवळजवळ बरोबरीने शिरले. मॅकीला लागलेला वेळ होता १४ दिवस १८ तास ५२ मिनिटे २४ सेकंद. स्वेन्सनला त्याहून एक सेकंद अधिक लागला. मॅकीचे पुढचे कुत्रे आधी रेषेपार गेले, पण तो स्वतः मागेच कोसळला. स्वेन्सन मात्र आपल्या स्लेजसह रेषा ओलांडून गेला. मग जिंकले कोण? सर्वांत पुढच्या कुत्र्याचे नाक आधी कोणाचे पोचले, हे पाहायचे असे पंचांनी ठरवले आणि मॅकी विजयी झाला.

या वेळेचे सेकंद केले तर १२,७७,५४४ होतात. त्यात एका सेकंदाचा फरक! हेच प्रमाण बारा सेकंदांच्या बारीला लावले, तर फरक येईल सेकंदाच्या सुमारे एक लाखाव्या भागाएवढा. तेवढ्या वेळात सेकंदाला १० मीटर वेगाने धावणारा बैल ०.१ मिलिमीटर, म्हणजे कागदाच्या जाडीइतका पुढे जाईल. हाताने दाबायच्या कोणत्याही घड्याळाला असा फरक कळणार नाही. पण नोमला वेळ मोजून निकाल द्यावाच लागला नाही. दोन्ही स्लेज एकाच रस्त्यात, एकाच क्षणी डोळ्यांसमोर होत्या. तिथे क्रम पाहायचा होता. तोही नेमके काय पाहायचे हे ठरल्यावरच.

यातून दोन धडे मिळतात. पहिला असा, की क्रम पाहणे सोपे आणि काळ मोजणे अवघड. दुसरा असा, की मोजण्यापूर्वी काय मोजायचे याची व्याख्या हवी. बारी संपली ती केव्हा? जुकाटाच्या बैलाचे नाक रेषेवर आले तेव्हा, पुढचा पाय पडला तेव्हा, की गाड्याचे चाक आले तेव्हा? नाकापासून चाकापर्यंत काही मीटरांचे अंतर असते, आणि सेकंदाला १० मीटर वेगाने दर मीटरमागे ०.१ सेकंद जातो. तीन शतांशांवर भांडण्याआधी हा नियम स्पष्ट असला पाहिजे.

डोळा, कान आणि अंगठा

घड्याळ हातात घेऊन पंच घाटाच्या वरच्या टोकाला उभा आहे असे समजू. घाटाची लांबी १२० मीटर धरू. प्रत्येक घाटाची लांबी वेगळी असते. हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. खाली निशाण पडते आणि त्याच क्षणी एकच आरोळी उठते. पंचाने घड्याळ केव्हा सुरू करावे, निशाण पाहून की आरोळी ऐकून?

प्रकाशाला १२० मीटर यायला जो काळ लागतो तो आपल्या दृष्टीने शून्यच. ध्वनीचे तसे नाही. ० अंश सेल्सिअसला ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशामागे तो सुमारे ०.६ मीटरने वाढतो. उन्हाळ्यातले तापमान ३५ अंश धरले, तर वेग झाला सुमारे ३५२ मीटर. म्हणजे आरोळी वर पोचायला १२० ÷ ३५२ = ०.३४ सेकंद लागले. आरोळी ऐकून घड्याळ सुरू करणारा पंच प्रत्येक बारीचा वेळ सुमारे एक तृतीयांश सेकंदाने कमी मोजतो. धावण्याच्या शर्यतीत हाताने वेळ घेणाऱ्यांना पिस्तुलाचा आवाज ऐकू नका, धूर किंवा चमक पाहा, असे बजावतात ते याचसाठी.

आता निशाण पाहूनच घड्याळ दाबले असे धरू. तरीही डोळ्यांना दिसल्यापासून मेंदूकडून अंगठ्यापर्यंत आज्ञा पोचायला सुमारे ०.२ सेकंद जातो. याला प्रतिक्रियाकाल म्हणतात. तेवढ्यात बैल ऐन वेगात असेल तर दोन मीटर, म्हणजे जवळजवळ स्वतःच्या लांबीएवढा पुढे जातो. शेवटच्या रेषेवर मात्र पंच गाडा येताना आधीपासून पाहत असतो, त्यामुळे त्याचा अंगठा अंदाजाने कधी वेळेवर, तर कधी थोडा आधीच दाबला जातो. सुरुवातीचा उशीर आणि शेवटचा उशीर सारखा नसल्याने ते एकमेकांना पूर्ण छेदत नाहीत.

दोन जातींच्या चुका

मापनातल्या चुका दोन जातींच्या असतात. पहिली ठराविक चूक. ती दर वेळी एकाच दिशेने आणि जवळजवळ तेवढीच होते. आरोळी ऐकून घड्याळ दाबण्याची चूक ही अशी. दुसरी विस्कळीत चूक. ती कधी अधिक, कधी उणी, कधी मोठी, कधी लहान असते. अंगठ्याच्या लहरीमुळे होते ती ही.

ठराविक चुकीची गंमत पाहा. एकाच पंचाने दिवसभर आरोळी ऐकूनच घड्याळ दाबले, तर सर्वच बाऱ्यांचा वेळ ०.३४ सेकंदाने कमी येईल. मग पहिला कोण आणि दुसरा कोण यात काही फरक पडणार नाही. पण सेकंदांच्या टप्प्यांनी नंबर द्यायचे असतील, तर १२.२० सेकंद घेणारा गाडा ११.८६ ठरून बारा सेकंदांच्या आतल्या नंबरात जाऊन बसेल. आणि शेजारच्या गावच्या घाटाशी तुलना केली तर ती साफ चुकीची होईल.

विस्कळीत चूक याच्या उलट. ती टप्प्यांना क्वचितच धक्का लावते, पण जवळजवळच्या गाड्यांचा क्रम मात्र बिघडवते. ती किती असते हे काढू. समजा, सरावलेल्या पंचाचा अंगठा सुरुवातीला ०.०५ सेकंदाने आणि शेवटी ०.०५ सेकंदाने मागेपुढे होतो. अशा चुकांची सरळ बेरीज करत नाहीत, कारण कधी त्या एकमेकींना छेदतात. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतात. ०.०५ चा वर्ग ०.००२५, दोन वर्गांची बेरीज ०.००५, तिचे वर्गमूळ सुमारे ०.०७. ही झाली एका बारीतील अनिश्चितता. दोन बाऱ्यांची तुलना करायची तर पुन्हा ०.००५ अधिक ०.००५, म्हणजे ०.०१, आणि त्याचे वर्गमूळ ०.१.

म्हणजे हाताने मोजलेल्या दोन बाऱ्यांच्या फरकात सेकंदाच्या एक दशांशाइतकी अनिश्चितता असते. आपल्या निवेदकाने पुकारलेला फरक होता तीन शतांशांचा. तो अनिश्चिततेच्या एक तृतीयांशही नाही. पहिला गाडा जिंकला असेलही, नसेलही. एवढ्या मापनावरून तसे सांगता येत नाही.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. घड्याळाच्या काचेवर शतांश दिसतात, म्हणून मापन शतांशापर्यंत अचूक झाले असे नाही. काचेवरचा शेवटचा आकडा हे घड्याळाचे लघुतम माप. अचूकता ठरते ती घड्याळ आणि ते वापरणारा माणूस या दोघांची मिळून. धावण्याच्या स्पर्धांत हाताने घेतलेला वेळ वरच्या दशांशापर्यंत पूर्ण करून नोंदवतात. तीन पंच तीन घड्याळे धरतात. दोन जुळली तर तो वेळ, आणि तिन्ही वेगळी आली तर मधला वेळ घेतात. कमी अंतराच्या शर्यतींतील जागतिक विक्रमांसाठी १९७७ पासून विजेवर चालणारे स्वयंचलित कालमापनच ग्राह्य धरले जाऊ लागले. आपल्याकडेही काही घाटांवर आता इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली आहेत. जिथे ती नाहीत, तिथे तीन घड्याळांचा नियम गावाला सहज परवडण्यासारखा आहे.

सेकंदांवरून शक्ती

एकदा वेळ हाती आला की त्यातून आणखी काय काढता येते ते पाहू. १२० मीटर १२ सेकंदांत, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला १० मीटर किंवा ताशी ३६ किलोमीटर झाला. (इडिटारॉडची १९७८ सालची सरासरी ताशी सुमारे साडेचार किलोमीटर, म्हणजे माणसाच्या भराभर चालण्याइतकीच येते! कारण त्या चौदा दिवसांत विश्रांतीचे तासही धरलेले आहेत. सरासरी हा शब्द असा फसवा आहे.)

एका बैलाचे वस्तुमान ४०० किलोग्रॅम आणि गाड्याचे १०० किलोग्रॅम धरू. एकूण १७०० झाले. बैल उभ्या स्थितीतून सुटून सेकंदाला १० मीटर वेग घेतात, तेव्हा गतिज ऊर्जा ½ × १७०० × १०० = ८५,००० ज्यूल होते. घाटाचा चढ ५ मीटर उंचीचा धरला, तर स्थितिज ऊर्जा १७०० × ९.८ × ५ = ८३,३०० ज्यूल. दोन्ही मिळून सुमारे १,६८,००० ज्यूल. याला १२ सेकंदांनी भागले की १४,००० वॅट, आणि ७४६ वॅटची एक अश्वशक्ती याप्रमाणे जवळजवळ १९ अश्वशक्ती. दर बैलामागे पावणेपाच! शेवटचा वेग सरासरीहून जास्त असतो आणि घर्षण आपण धरलेलेच नाही, म्हणून खरा आकडा याहून मोठाच असणार.

दिवसभर नांगर ओढणारी बैलजोडी साधारण एक अश्वशक्ती देते, म्हणजे दर बैलामागे अर्धी. मग घाटात नऊ-दहा पट शक्ती येते कुठून? स्नायूंत तयार ऊर्जेचा छोटासा साठा असतो. प्राणवायूची वाट न पाहता तो वापरता येतो, पण दहा-बारा सेकंदांत तो बहुतेक संपतो. घाटाची बारी नेमकी तेवढ्याच वेळाची असते. स्लेजच्या कुत्र्याचा मार्ग वेगळा. तो मंद गतीने, प्राणवायूच्या साहाय्याने मुख्यत्वे चरबी जाळत तासन् तास पळतो, आणि त्यासाठी दिवसाला सुमारे दहा हजार किलोकॅलरींचे अन्न खातो. निघोज्याच्या कारखान्यातून निघणारे इंजिन आपली शक्ती तासन् तास देऊ शकते; बैल ती क्षणभरच देऊ शकतो.

आणखी एक पाहा. या गणितात वेळ ०.३४ सेकंदाने चुकला असता, तर शक्तीच्या उत्तरात जेमतेम पाच-सहा टक्क्यांचा फरक पडला असता. हीच चूक नंबर देताना घातक आणि शक्ती काढताना क्षुल्लक. चूक मोठी की लहान हे आपण विचारलेल्या प्रश्नावर ठरते.

घड्याळ जे सांगत नाही

बैलाने किती सोसले, हे घड्याळ सांगत नाही. काठी किंवा टोचणी वापरून मिळवलेले ११.८ सेकंद आणि निव्वळ सरावाने मिळवलेले ११.८ सेकंद काचेवर सारखेच दिसतात. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली, ती प्राण्यांना होणाऱ्या क्रूर वागणुकीमुळेच. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर शर्यतींना परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पशुवैद्यकाची तपासणी आणि चाबूक, काठी वा विजेचा धक्का वापरण्यास बंदी या अटी पाळल्या तरच शर्यत कायदेशीर ठरते. स्नायूंतला साठा बारा सेकंदांतच संपत असेल, तर काठीने त्यात भर पडत नाही; बैलाला इजा मात्र होते. खऱ्या शौकिनाने घड्याळाकडे पाहावे, तसे बैलाच्या पाठीकडेही पाहावे.

करून पाहा

१. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेजवळ तुमचा अंगठा व बोट न टेकवता ठेवा. न सांगता त्याने पट्टी सोडली की ती पकडा. पट्टी १० सेंटिमीटर पडली तर तुमचा प्रतिक्रियाकाल ०.१४ सेकंद, १५ पडली तर ०.१७, २० पडली तर ०.२०, २५ पडली तर ०.२३ आणि ३० पडली तर ०.२५ सेकंद. वीस वेळा करा, सरासरी काढा, आणि आकडे किती विखुरले तेही लिहा. सरासरी दाखवते तुमचा ठराविक उशीर, विखुरणे दाखवते विस्कळीत चूक.

२. शाळेच्या मैदानावर १०० मीटरची रेषा आखा. सुरुवातीच्या रेषेवर एकाने हात खाली करताच टाळी वाजवावी. शेवटच्या रेषेवर पाच जणांनी हात पाहून आणि पाच जणांनी टाळी ऐकून घड्याळे सुरू करावीत. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक ०.३ सेकंदाच्या जवळ येतो का ते पाहा.

३. मोबाईलवर धावण्याचे चित्रण घ्या व एकेक चित्र पुढे सरकवून वेळ काढा. सेकंदाला ३० चित्रे असतील, तर दोन चित्रांमध्ये किती काळ जातो?

प्रश्न

(अ) एका घाटात १५० मीटरला १३.५ सेकंद आणि दुसऱ्यात ११० मीटरला १०.५ सेकंद लागले. सरासरी वेग कुठे जास्त? एवढ्यावरून कोणते बैल सरस ते सांगता येईल का?

(आ) सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या मोबाईलने ११.८४ आणि ११.८७ यांतला फरक खात्रीने ठरवता येईल का?

उत्तरे : (अ) पहिल्यात सेकंदाला ११.१ मीटर, दुसऱ्यात १०.५ मीटर, पण दोन्ही घाटांचा चढ सारखा आहे हे कळल्याशिवाय बैलांची तुलना करता येणार नाही. (आ) नाही; दोन चित्रांमध्येच ०.०३३ सेकंद जातो. सेकंदाला २४० चित्रे घेतली तर हा काळ ०.००४ सेकंदावर येतो, आणि मग ठरवता येईल.